सल्ला हवा: आजोबांच्या हरिकेन विमानाचं मॉडेल बनवायचंय, कुठलं किट घेऊ?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात फिटर होते. मी चार वर्षांची असताना ते गेले, त्यामुळे त्यांच्या तोंडून काही ऐकायला मिळालं नाही. घरात एक फोटो आहे. विमानाच्या नाकासमोर पाच जण उभे आहेत, डावीकडून दुसरे आजोबा. मागे पेन्सिलीनं लिहिलंय: ६ स्क्वाड्रन, कॉक्स बाझार, फेब्रुवारी ४४. विमान हरिकेन आहे एवढं बाबा सांगतात.

दिवाळीनंतर बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतील. त्या दिवशी त्यांच्या हातात हे विमान ठेवायचं मनात आहे. नुसतं कुठलंही हरिकेन नको, फोटोतलंच हवं.

प्लॅस्टिकचं किट मी कधीच जोडलेलं नाही. पण माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्यात लहानपणापासून हात चाललाय. मूर्तीची आखणी करते, कंप्रेसरवरची स्प्रेगनही वापरता येते. आता राहते चिपळूणला. हाताशी चार महिने आहेत आणि त्यातला बराचसा पावसाळा. बजेट सगळं मिळून पाच-सहा हजार.

कुठल्या मापाचं किट घ्यावं, कुठल्या कंपनीचं, सोबत काय काय लागेल, सांगाल का?

सह्यकडा

ताई, किटची ऑर्डर आजच देऊ नका. आधी फोटो भिंगाखाली धरा.

हरिकेन १४ हजारांहून जास्त बनली आणि त्यांचे बरेच प्रकार होते. दुकानात सगळ्यांत सहज मिळतं ते मार्क १ चं किट, म्हणजे १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतलं, पंखांत आठ मशीनगन असलेलं. ते तुमच्या आजोबांचं विमान नाही. १९४४ मध्ये बर्माच्या आघाडीवर आपल्या स्क्वाड्रनकडे मार्क २ होती. त्यातही टू-बी म्हणजे बारा मशीनगन आणि टू-सी म्हणजे २० मिलिमीटरच्या चार तोफा.

मशीनगनच्या नळ्या पंखातच असतात, समोरून नुसती भोकं दिसतात. तोफांच्या नळ्या पंखाच्या पुढे हातभर बाहेर आलेल्या असतात. तेव्हा तीन गोष्टी बघून सांगा: पंखातून नळ्या बाहेर आल्यात का आणि किती, नाकाच्या खाली हनुवटीसारखा फुगवटा आहे का, आणि विमानावर कुठे अक्षर किंवा आकडा दिसतो का.

पॉलिशपेपर

मापाबद्दल मी सांगतो. लढाऊ विमानांत दोन मापं चालतात, १/७२ आणि १/४८. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा पसारा ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर. १/७२ मध्ये तो १७ सेंटिमीटर होतो, तळहातावर मावणारं विमान. १/४८ मध्ये २५ सेंटिमीटरच्या थोडं वर.

१/७२ म्हणजे एक इंचाला सहा फूट. युद्धात आपलं विमान कुठलं आणि शत्रूचं कुठलं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची मॉडेलं वापरत. म्हणजे आजोबांनीही त्या काळी अशी छोटी विमानं पाहिली असण्याचा संभव आहे.

तुमच्यासाठी माझं मत १/७२ लाच. बजेटमध्ये दोन किट बसतील, आणि दोन घ्याच. पहिलं एअरफिक्सचं साधं, सरावासाठी. खरं विमान दुसऱ्या किटमधून करा. पहिल्या किटवर प्रत्येकाच्या हातून काचेवर गोंद सांडतो. तो आजोबांच्या विमानावर सांडू नये.

दुसऱ्यासाठी पोलंडच्या आर्मा हॉबीचं मार्क टू-सी. मी जोडलंय. मागच्या धडावर ताणलेल्या कापडाखालच्या पट्ट्या जशा उठून दिसतात, तशा त्या किटात फार नाजूक उतरल्यात. जुन्या कंपन्यांच्या साच्यांत त्या दोरखंडासारख्या जाड असतात. परदेशातून मागवू नका, कस्टम ड्युटी आणि टपालखर्चात बजेट जाईल. भारतातले ऑनलाइन हॉबी दुकानदार ठेवतात, थोडं थांबावं लागतं इतकंच.

वाशिष्ठीकाठ

दोघांचेही आभार. फोटो स्कॅन करून मोठा केला.

फुगवटा आहे, अगदी ठळक. अक्षर दिसत नाही, माणसांच्या मागे झाकलं गेलंय. नळ्यांचं कोडं मात्र सुटत नाही. सह्यकडा म्हणतात तशी लांब नळी आहे, पण प्रत्येक पंखात एकच. तिच्या शेजारी दुसरी असायची तिथे काहीतरी बुजवल्यासारखं दिसतं. मग हे टू-बी की टू-सी?

सह्यकडा

ताई, हे वाचून मी उठून उभा राहिलो!

६ स्क्वाड्रन हे टेहळणीचं स्क्वाड्रन होतं. स्क्वाड्रन लीडर मेहर सिंग त्याचे प्रमुख. १९४३ च्या अखेरीस ते कॉक्स बाझारला आलं आणि बर्माच्या किनारपट्टीवरच्या आराकानच्या जंगलावरून खाली उतरून जपानी ठाणी, वाटा, पूल यांचे फोटो आणत राहिलं. फोर्टीन्थ आर्मीचे, म्हणजे बर्मात लढणाऱ्या ब्रिटिश-भारतीय सैन्याचे डोळे, असंच त्यांना म्हणत. मेहर सिंगांना त्या कामगिरीबद्दल डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) हे पदक मिळालं. त्या महायुद्धात हे पदक मिळालेले ते भारतीय हवाई दलाचे एकमेव अधिकारी.

टेहळणीच्या हरिकेनमध्ये कॅमेरा बसवला की त्याचं वजन भरून काढायला एकदोन तोफा काढून टाकत. तुमच्या फोटोतलं बुजवलेलं भोक तेच असणार, असं मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. म्हणजे टू-सी, दोन तोफांचं. किट टू-सीचंच घ्या, प्रत्येक पंखातली एक नळी लावू नका आणि तिथे उरलेला उंचवटा घासून पुटीनं गोल करा. चारपैकी कुठली आतली, कुठली बाहेरची, ते फोटोवरून ठरवा. अंदाजानं नको.

हनुवटीचा फुगवटा म्हणजे व्होक्सचा धूळगाळणी फिल्टर. उष्ण प्रदेशातल्या विमानांना तो लावत. किट घेताना खोक्यावर ट्रॉप (ट्रॉपिकल) असं लिहिलंय का आणि सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीत येतात तिच्यात तो भाग आहे का, हे दुकानदाराला फोटो मागून बघून घ्या.

ओझरवाला

वाखूण साठवली. सुंदर धागा.

निवृत्त_फिटर

ताई, मी हवाई दलात एअरफ्रेमचं, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम केलंय, आजोबांच्या नंतर बऱ्याच वर्षांनी. मॉडेल कधी केलेलं नाही, पण विमानाबद्दल दोन शब्द सांगतो, ते रंगवताना कामी येतील.

हरिकेनचं मागचं धड म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी कड्या आणि पट्ट्या, आणि वरून ताणलेलं लिननचं कापड. कापडावर डोप नावाचं द्रावण चढवायचं. ते सुकलं की कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. गोळी आरपार गेली आणि सांगाड्याला काही झालं नसेल, तर ठिगळ लावून, डोप फासून विमान परत उडायला तयार. धावपट्टीच्या कडेला, तंबूत, हे काम आजोबांसारखी माणसं करत.

आता मुद्दा. बाजारातली पुष्कळ मॉडेलं मी पाहिली. रंग उडालेला दाखवायला लोक सगळ्या अंगावर चंदेरी टवके काढतात. हरिकेनच्या मागच्या धडाला चंदेरी टवका पडूच शकत नाही, तिथे खाली पत्राच नाही! टवके काढायचेच तर इंजिनाच्या झाकणांच्या कडांना काढा, तिथले स्क्रू रोज उघडले जात. आणि डाव्या पंखाच्या मुळाशी काढा, जिथे पाय ठेवून वैमानिक आणि फिटर कॉकपिटकडे चढायचे. तिथला रंग बुटांनी घासला जायचा. त्या बुटांत तुमच्या आजोबांचेही बूट होते.

जमलं तर मागच्या धडावर एक छोटं चौकोनी ठिगळ दाखवा, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित ताजं.

टोरांटोकर

निवृत्त_फिटर काका, ठिगळाची कल्पना फार आवडली.

रंग आणि चिन्हांचं सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. १९४४ मधल्या आपल्या विमानांवर तिरंगी वर्तुळं नव्हती, चक्रही नव्हतं. ती स्वातंत्र्यानंतरची. आणि ब्रिटिश पद्धतीचं मध्ये लाल ठिपका असलेलं वर्तुळही नको. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, तेव्हा गफलत होऊन आपल्याच तोफांनी आपलं विमान पाडू नये म्हणून बर्माच्या आघाडीवर लाल रंग काढूनच टाकला होता. बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा, असं दोन निळ्यांचं छोटं वर्तुळ. शेपटीवरचा उभा पट्टाही त्याच दोन रंगांचा. किटच्या डीकॅलमध्ये, म्हणजे विमानावर चिकटवायच्या छापील चिन्हांमध्ये, हे नसेल तर आग्नेय आशिया कमांडचं डीकॅल वेगळं घ्या. तुम्ही तर आखणी करता, १/७२ मध्ये हातानंही रंगवाल.

पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असलेली हरिकेन तुम्हाला इंटरनेटवर दिसतील. ती पद्धत नंतरची. तुमचा फोटो फेब्रुवारी १९४४ चा आहे, त्यात पट्टे दिसत नसतील तर लावू नका.

वरच्या बाजूला डार्क अर्थ आणि डार्क ग्रीनचे नागमोडी पट्टे. हम्ब्रोल कंपनीच्या रंगांत २९ आणि ३०. खालून मी माझ्या हरिकेनला मीडियम सी ग्रे दिला होता. कुरियरवाले ज्वालाग्राही रंग घ्यायला कां कूं करतात, म्हणून पाण्यावरचे ॲक्रिलिक बरे, व्हॅलेजो कंपनीचे याच नावांनी मिळतील.

पॉलिशपेपर

आता हत्यारं. निपर एक चांगला घ्या, तिथे पैसे वाचवू नका. सुटे भाग स्प्रूला, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते हातानं मोडून काढले की कडेचा तुकडा निघतो आणि भाग कायमचा अधू होतो. निपरनं थोडं लांबून कापा, उरलेला ठोंब दुसऱ्यांदा कापा, मग घासा. घासायला हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा पॉलिश पेपर चालतो: ४००, ८००, १५०० नंबर.

गोंद तामियाचा एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाचा. हा चिकटवत नाही, प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करतो. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि फटीला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं. गोंद आपोआप आत ओढला जातो. काचेला मात्र हा नको आणि फेविक्विक तर मुळीच नको, त्याच्या वाफेनं काच आतून पांढरी पडते. काच फेविकॉलनं बसवा. फेविकॉल सुकला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्यानं निघतो.

हरिकेनची सगळ्यांत अवघड जागा पोटाखाली आहे, जिथे पंखांचा एकसंध तुकडा धडाला मिळतो. गोंद लावण्याआधी चार वेळा कोरडं जुळवून बघा. शिवाय पंखांचा मधला भाग सपाट असतो आणि बाहेरचे भाग वर उचललेले. दोन्हीकडची उचल सारखी आहे का, हे विमान टेबलावर ठेवून समोरून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. मूर्तीचे खांदे बघतो तसंच.

तुमच्या स्प्रेगनचा नोझल या कामाला मोठा पडेल. ०.३ मिलिमीटरचा एअरब्रश कोणाकडून मिळाला तर उत्तम, नाहीतर सपाट मऊ ब्रशनं पातळ रंगाचे तीन-चार हात द्या. घाईनं एक जाड हात दिलात तर त्या नाजूक पट्ट्या बुजतील.

पावसाळ्याचं मनावर घ्या. जोडकाम जून-जुलैत खुशाल करा, पावसाचा त्याला त्रास नाही. पण शेवटचं मॅट वॉर्निश दमट हवेत मारलं की पांढरी साय धरतं. माझं एक विमान असंच गेलं, ठाण्यात, ऑगस्टमध्ये. ते वॉर्निश ऑक्टोबरच्या उन्हासाठी राखून ठेवा. डीकॅल लावण्याआधी ग्लॉस वॉर्निशचा हात हवाच. खरखरीत मॅट रंगावर डीकॅल लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चकाकतं.

टोरांटोकर

एक राहिलं. काही हरिकेनना कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीपर्यंत रेडिओची तार असायची; तुमच्या फोटोत दिसत असेल तरच लावा. उरलेला स्प्रू मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरा. मऊ पडला की बाहेर काढून दोन्ही हातांनी सावकाश ओढा. केसासारखा धागा निघतो. दहा-बारा प्रयत्न वाया जातात, स्प्रू फुकटच असतो. तार सगळ्यांत शेवटी.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सरावाचं एअरफिक्स आणि आर्माचं टू-सी, दोन्ही मागवलीत. आर्माच्या चौकटीचा फोटो दुकानदारानं पाठवला, फिल्टरचा भाग आहे. पेणच्या चुलतभावाकडे डोळ्यांच्या कामाचा बारीक एअरब्रश आहे, तो गणपती झाले की मिळेल. म्हणजे रंगकाम तसंही सप्टेंबरनंतरच.

काल बाबांना फोन केला होता, मॉडेलबद्दल काही न बोलता. सहज विचारलं, आजोबांचं विमानावर नेमकं काम काय होतं? बाबा म्हणाले, नीटसं आठवत नाही, पण फाटलेली छत्री ते कधी दुरुस्तीला देत नसत. स्वतःच ठिगळ लावायचे, वरून काहीतरी फासायचे, आणि सुकल्यावर बोटानं टिचकी मारून आवाज ऐकायचे.

निवृत्त_फिटर काका, ठिगळ डाव्या बाजूला दाखवू की उजव्या? आणि खऱ्या विमानावर ते साधारण केवढं असायचं?

निवृत्त_फिटर

डाव्या बाजूला, ताई. वर चढायची बाजू तीच, बाबा विमान हातात घेतील तेव्हा तीच समोर येईल. तळहाताएवढं समजा, म्हणजे तुमच्या मापात दीड मिलिमीटर. कडा सरळ ठेवू नका, आम्ही ठिगळाच्या कडेचे दोरे मुद्दाम थोडे उसवलेले ठेवायचो, म्हणजे डोपमध्ये घट्ट बसतात.