मदत हवी आहे : फ्लेक्सवर जोडाक्षरं तुटतायत

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी टीव्ही वाहिनीसाठी गॅदरिंगच्या थेट प्रक्षेपणाचा बॅनर करतेय. युट्यूबसाठीचा २५६० बाय १४४० पिक्सेलचा झाला. मोबाइलवर मधलीच पट्टी दिसते, म्हणून नाव आणि वेळ मध्यभागी घेतली. खरी अडचण गेटवरच्या १० बाय ४ फुटी फ्लेक्सची. मी युनिकोडमध्ये टाइप केलं, पण फ्लेक्सवाल्याच्या जुन्या कोरलड्रॉत (डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल उघडली की ‘प्रक्षेपण’मधला क्ष फुटतो, वेलांटी भलतीकडेच जाते. मुलं महिनाभर राबतायत, त्यांची नावं चुकीची छापलेली मला अजिबात चालणार नाहीत. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या आकारांत) बदलून पीडीएफ देऊ, की श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करू? आणि १५ फुटांवरून स्कॅन व्हायला क्यूआर कोड केवढा ठेवावा?