प्रत्येक टेबलाचा रिपोर्ट ९० टक्के, तरी केसला ९ दिवस लागतात. मदत हवी आहे

मंडळी, मी एका सर्व्हिस कंपनीत क्लेमचं बॅक ऑफिस बघते, जबाबदारी नवीनच आलीये. लोक मान मोडून काम करतायत, तरी कस्टमर वैतागलेला, आणि आता वरून आदेश आलाय की माणशी रोजचं टार्गेट वाढवा. माझ्या मते याने गोंधळ वाढेल, पण ते पटवून कसं द्यायचं कळत नाहीये.

रोज साधारण ४० केस येतात, ४०च बाहेर पडतात आणि पेंडिंग कायम ३६० च्या आसपास. लिटलच्या नियमाने (पेंडिंग केस भागिले रोज बाहेर पडणाऱ्या केस, की एका केसला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं) ३६० भागिले ४०, म्हणजे ९ दिवस, आणि खरंच तेवढेच लागतात. मी एक फाइल घेऊन टेबलाटेबलावर फिरले, घड्याळ लावून प्रत्येकाचा वेळ लिहिला, तर सगळं मिळून काम ३५ मिनिटांचं. बाकी वेळ ती नुसती ट्रेमध्ये पडून!

त्यात चुका. नोंद, कागदपत्रं, छाननी, मंजुरी, पेमेंट असे पाच टप्पे, आणि प्रत्येक टीम म्हणते आमचं ९० टक्के काम पहिल्या फटक्यात बरोबर. पण ०.९ पाच वेळा गुणा, ५९ टक्केच उरतात. म्हणजे ४० पैकी सोळा-सतरा केस कुठे ना कुठे माघारी फिरतात आणि हे कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही, कारण जो तो आपल्या टेबलापुरतं मोजतो. परत आलेल्या फाइली चाळल्या तर बहुतेकांवर तीच पिवळी चिठ्ठी, 'पान २ वर सही नाही'. सहीचा चौकोन पार तळाशी, बारीक अक्षरात, कुणाच्या लक्षातच येत नाही. आणि टार्गेट असल्यामुळे नोंदवाले अर्धवट फॉर्मही पुढे ढकलतात, त्यांना मी दोष देत नाही, मोजमापच तसं आहे. मग कस्टमरला फोन, कस्टमरचा उलटा फोन, आणि ते घेत बसणारी माणसंही आमचीच.

मला वाटतं आधी फॉर्म सुधारावा, अपुरा फॉर्म नोंदीलाच थांबवावा, आणि मगच ओव्हरटाइम लावून ढीग उपसावा, नाहीतर परत साचेल. बरोबर आहे का?

सरांना रांगेचं साधं गणितही सांगून बघितलं, की माणूस ८० टक्के बिझी असेल तर केस कामाच्या वेळेच्या सरासरी ४ पट थांबते आणि ९५ टक्क्यांना १९ पट. ते म्हणाले, "मग काय लोकांना रिकामं बसवू?" इथे मी अडकले. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

आणखी एक, प्रत्येक टप्प्यातला एकेक माणूस एकाच टेबलाशी बसवून रोजच्या ८ केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांनीच करायच्या, असा दोन आठवड्यांचा प्रयोग डोक्यात आहे. मोजायचं दोनच, नोंद ते पेमेंट किती दिवस आणि एकदाही परत न फिरलेल्या केस किती. कोणी असं केलंय का? पाचातला एक रजेवर गेला की कसं निभावलंत? सोमवारी मीटिंग आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.