आजीच्या गोधडीतला चिनी फोटो, डिटेक्टिव्हचं ऐकायचं का?

साखरपेठकर:
आजी गेल्यावर तिची गोधडी धुवायला काढली तर आत मेणकापडात गुंडाळलेला फोटो निघाला. चिनी बाई, मांडीवर बाळ, मागे शाईनं उभी चिनी अक्षरं. आजोबा लष्करात होते एवढंच आम्हाला माहीत, चीनचं नाव घरात कधी कुणी काढलं नाही. मोठ्या काकांनी प्रायव्हेट डिटेक्टिव्ह लावला, तो म्हणतो मागे ३२ लिहिलंय म्हणजे फोटो १९३२ चा, आजोबा तेव्हा ११ वर्षांचे, मग हे प्रकरण पणजोबांचं, त्यांचं दुसरं घर असणार. तेव्हापासून आत्या आमच्याकडे यायची बंद झालीय. त्याला पुढचे पैसे द्यायचे का?

चादरवाला:
आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर चीनला गेले होते का कुणी घरातलं? भैय्या चौकातल्या स्मारकात विचारून बघा.

रेवा:
कोटणीसांच्या मिशनमध्ये पाचच डॉक्टर होते दादा, १९३८ ला गेले. साखरपेठकर, पैसे थांबवा आधी. वरून खाली तीन आडव्या रेघा, मग अधिकचं चिन्ह, मग दोन रेघा, असं आहे का? ते ३२ च, पण तेव्हा चीनमध्ये वर्षं प्रजासत्ताकापासून मोजायचे, १९१२ म्हणजे पहिलं वर्ष. तुमचा फोटो १९४३ चा आहे!

साखरपेठकर:
अगदी तसंच आहे!! म्हणजे आजोबा २२ चे. आणि त्यांच्या एका जुन्या पाकिटावर रामगढ लिहिलंय. मागची बाजू स्कॅन करून टाकतोय.

रेवा:
रामगढ म्हणजे तेव्हाचं बिहार, आता झारखंड. १९४२ ला ब्रह्मदेशातून माघारी आलेल्या चिनी सैन्याचं ट्रेनिंग तिथेच चाललं होतं, अमेरिकन जनरल स्टिलवेलच्या हाताखाली. स्कॅन वाचला, हात थरथरतोय टाइप करताना. "थोरल्या भावास. माझी बायको आणि मुलगा. परत आलो की घेईन, तोवर सांभाळ."

चादरवाला:
बापरे. मग लपवला कशाला पण?

रेवा:
६२ च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या कितीतरी लोकांना राजस्थानात देवलीच्या कॅम्पात डांबलं होतं, बायका पोरांसकट. अशा दिवसांत घरात चिनी अक्षरं सापडली तर काय होईल ही भीती आजींना वाटलीच असणार, तरी फाडला नाही बघा त्यांनी.

साखरपेठकर:
आत्याला फोन केला, पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं. मग म्हणाली गोधडीची शिवण हिरव्या दोऱ्याची आहे का बघ. आहे, त्या एकाच कडेला. निघालीय ती, पुढच्या गाडीनं येतेय.