एफ/५ की एफ/१०: एम ४२ साठी कोणती दुर्बीण?

प्रश्न – रात्रपाळी
२०० मिमी व्यासाच्या दोन दुर्बिणींपैकी एक निवडायची आहे: एफ/५ न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण) किंवा एफ/१० श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि भिंग यांची आखूड नळीची दुर्बीण). एफ/५, एफ/१० हे गुणोत्तर म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या किती पट आहे ते. एफ/५ चौपट वेगवान (म्हणजे तेवढ्याच उजळ चित्राला पाव वेळ पुरतो), म्हणून छायाचित्रही सरस, असे सर्रास सांगितले जाते. परंतु व्यास सारखाच असेल तर प्रकाशही तेवढाच जमा होणार. मग फरक पडतो कुठे? मला मृग नक्षत्रातील एम ४२ तेजोमेघ टिपायचा आहे. कॅमेरा एपीएस-सी (सुमारे २३.५ मिमी रुंद सेन्सरचा) असून पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचे आहेत.

प्रतिसाद – मृगव्याध
शंका रास्त आहे. तेजोमेघाचा प्रकाश दोन्ही दुर्बिणींत जवळपास सारखाच येतो; मात्र १००० मिमी नाभीय अंतरावर तो जितक्या जागेत एकवटतो, त्याच्या चौपट क्षेत्रफळावर २००० मिमीची दुर्बीण तो पसरवते. म्हणून एफ/१० वर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला पाव हिस्सा येतो आणि सेन्सरच्या रीड नॉइजवर (पिक्सेल वाचताना मिसळणाऱ्या खरखरीवर) मात करायला एक्सपोजर तितके लांबवावे लागते. तिथे २×२ बिनिंग केले, म्हणजे चार पिक्सेल जोडून एक मानला, तर ही तूट बरीचशी भरून निघते. नाहीतरी २००० मिमीवर आपल्या एका पिक्सेलला जेमतेम ०.३९ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आकाश मिळते. वातावरणच ताऱ्याला दोन-तीन आर्कसेकंद फुगवत असताना इतक्या बारकाईतून हाती काही लागत नाही. माझ्या मते निर्णय चौकटीवरून घ्यावा. १००० मिमीवर सुमारे १.३ अंश रुंदीचे आकाश मावते, २००० मिमीवर त्याच्या निम्मे, आणि एम ४२ चा पसारा अंशभराहून मोठा आहे.

प्रतिसाद – आरसेवाला
वरील गणित मान्य, पण एफ/५ चे लाडही पुरवावे लागतात. कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना कोमा या आरशाच्या दोषामुळे शेपट्या फुटतात, त्यामुळे तो सुधारणाऱ्या कोमा करेक्टर भिंगाचा खर्च दुर्बिणीच्या किमतीतच धरावा. फोकसमधील चुकीला मिळणारी मुभा गुणोत्तराच्या वर्गानुसार घटते. एफ/१० च्या तुलनेत ती इथे पावपट उरते, त्यामुळे रात्री गारठा वाढला की फोकस पुन्हा तपासणे आले. कोलिमेशनबाबत (आरसे एका रेषेत जुळवण्याबाबत) तर न्यूटोनियन याहून हट्टी असते.

रात्रपाळी
शहरातल्या गच्चीवरून एफ/५ चा लाभ होईल का?

मृगव्याध
तेजोमेघाबरोबर दिव्यांनी उजळलेले आकाशही पिक्सेलवर चौपट पडते, त्यामुळे दोहोंतील कॉन्ट्रास्ट तसाच राहतो. फक्त सुटी एक्सपोजर आखूड ठेवता येतात. गुरू-शनीचा बेत असेल, तर मात्र एफ/१० घ्यावी. ग्रहांसाठी पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराच्या साधारण पाचपट गुणोत्तर धरतात. आपल्या कॅमेऱ्याला ते एफ/१९ च्या आसपास येते आणि तिथे दुप्पट बार्लो (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) लावून सहज पोहोचता येते.