नऊ जणांचं ऑफिस: सायबर हल्ला झालाच, तर पहिल्या तासात काय करायचं?

टंकसेवक:
नमस्कार मंडळी. आमचं डीटीपी-डिझाइनचं नऊ जणांचं ऑफिस. एका मोठ्या ग्राहकाने करारासोबत फॉर्म पाठवलाय. त्यात चौदावा प्रश्न: 'सायबर हल्ला झाल्यास काय करायचं याची लेखी योजना आहे का? हो / नाही.' 'हो'वर टिक मारून मोकळा झालो असतो, पण हात धजावला नाही. नेटवरून एक नमुना उतरवला, तर चाळीस पानी! 'सुरक्षा पथकप्रमुख', 'माध्यम संपर्क अधिकारी' वगैरे. आमचं सुरक्षा पथक म्हणजे मी आणि बोलावल्यावर दोन दिवसांनी उगवणारा हार्डवेअरवाला.

अँटिव्हायरस आहे. सर्व्हरला एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडलेली असते, रोज रात्री बॅकअप होतो. पण सकाळी येऊन बघतो तर फाइली उघडत नाहीत, असं झालं तर कोणी काय करायचं?

उंटावरचा:
सगळं क्लाउडवर टाका, टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खातरजमा) लावा आणि निवांत झोपा.

टंकसेवक:
टू-फॅक्टर लावलंय हो. ते दाराचं कुलूप झालं. मी चोर घरात शिरल्यावरचं विचारतोय.

हिशेबनीस:
ते 'कायम जोडलेली' वाचून पोटात गोळा आला. आमचीही तशीच होती.

मी सुट्या भागांच्या एका वितरकाकडे हिशेब बघते. सहा मशीन, एक सर्व्हर. एका सोमवारी बिलिंग उघडेना. शेअर्ड फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावाला कसलंसं शेपूट लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरात एकच टेक्स्ट फाइल: पैसे कुठे भरायचे त्याची. जोडलेल्या हार्ड डिस्कवरच्या फाइलींनाही तेच शेपूट. मग आम्ही घोळात घोळ घातला. एकाने सर्व्हर रीस्टार्ट केला. दुसऱ्याने ऑफिसच्याच मेलवरून सगळ्यांना कळवलं, ती मेल आणखी कोण वाचतंय याचा पत्ता नसताना. आणि मी घाईघाईत पर्समधला पेन ड्राइव्ह त्याच मशीनला लावला. त्यात लेजरची महिन्यापूर्वीची प्रत होती. *होती.*

त्यानंतर आम्ही एक पान लिहिलं. छापून स्विचशेजारी चिकटवलंय, कारण फोन नंबरांची यादी सर्व्हरवरच होती आणि त्या दिवशी साधा फोन कोणाला करायचा तेही सुचेना.

त्यावर पहिली ओळ: नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर ओढा. मशीनची पॉवर मात्र बंद करायची नाही, रीस्टार्टही नाही, कारण मेमरीतलं सगळं पुसलं जातं. २०१७च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या (फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामच्या) वेळी रीस्टार्ट न झालेल्या काही जुन्या विंडोज मशीनच्या मेमरीतून त्या कुलपाची किल्ली परत मिळवता आली होती. नेहमी नशीब इतकं साथ देत नाही, पण तपासणाऱ्याला माग तरी लागतो.

दुसरी ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: जो पहिला बघेल त्याने केबल ओढायची, कोणाला विचारत बसायचं नाही. गजर खोटा निघाला तरी कोणी बोलणार नाही. आमच्याकडच्या नव्या मुलाने शनिवारी संध्याकाळीच विचित्र नावाच्या दोन फाइली पाहिल्या होत्या. आपल्याच हातून काही बिघडलं असेल, म्हणून बिचारा गप्प राहिला.

मग स्क्रीनचे मोबाइलवर फोटो, आणि कोणी किती वाजता काय केलं ते वहीत. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. आणि चोर कुठून आला ते कळल्याशिवाय बॅकअप परत चढवायचा नाही. आमच्याकडे सॉफ्टवेअरवाल्यासाठी उघडा ठेवलेला रिमोट डेस्कटॉप (बाहेरून मशीन चालवायची सोय) निघाला. तो तसाच ठेवून डेटा चढवला असता तर पुन्हा तेच.

पैसे आम्ही भरले नाहीत. भरले तरी फाइली मिळतीलच याची हमी कोण देणार? 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या फुकट मिळतात, तिथे आधी बघा. आमच्यावाल्याची नव्हती. अकरा दिवस कागदी बिलांवरून नोंदी केल्या.

उंटावरचा, क्लाउडवर नुसतं सिंक असेल तर बिघडलेल्या फाइलीही इमानदारीत वर चढतात. जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते बघून ठेवा.

नेटवर्कवाला:
डिस्क सुटी ठेवण्याबद्दल +१. २०१७च्या नॉटपेट्या हल्ल्यात मेर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची लॉगिनं सांभाळणारे सर्व्हर) गेले. घानातला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी न जोडलेल्या मशीननेच तारलं. तुमच्याकडे दोन डिस्क आलटून-पालटून वापरा, एक कायम ऑफिसबाहेर.

आणखी एक. सगळे हल्ले फाइलींवर नसतात. मेल हातात घेऊन कोणी तुमच्या नावाने ग्राहकाला 'आमचं बँक खातं बदललंय' असं लिहिलं तर? अशा वेळी पासवर्ड बदलून भागत नाही. सगळी चालू लॉगिनं बाहेर काढा आणि मेलच्या सेटिंगमधले फॉरवर्डिंगचे नियम तपासा. तिथे लावून ठेवलेला नियम पासवर्ड बदलला तरी तसाच राहतो, आणि मेलच्या प्रती बाहेर जातच असतात. ग्राहकांना फोन करायचा तो जुन्या, खात्रीच्या नंबरवर.

टंकसेवक:
मंडळी, खूप आभार. काल दुपारी काम थांबवून रंगीत तालीम केली. डिस्क सर्व्हरवरून काढली, वेगळ्या मशीनला लावली आणि गेल्या महिन्यातलं एक मासिक परत आणायला घेतलं. फाइली वीस मिनिटांत आल्या. उघडल्यावर पानभर चौकोनच चौकोन! फॉन्ट बॅकअपमध्ये कधी घेतलेच नव्हते. चार वर्षं रोज रात्री बॅकअप होत होता, बरं का.

फॉन्टचं फोल्डर जोडलं, दुसरी डिस्क मागवली. एक पान लिहून प्रिंटरशेजारी चिकटवलंय. फोनच्या यादीतला प्रत्येक नंबर लावून पाहिला. हार्डवेअरवाल्याचा लागला नाही, त्याने म्हणे दिवाळीतच बदललाय. चौदाव्या प्रश्नाला अजून टिक मारलेली नाही. सोमवारी पुन्हा तालीम आहे, या वेळी मी रजेवर आहे असं समजून.