श्योंग श्यांगहुई : दहा वर्षं विश्वास कमावून केलेली हेरगिरी, शौर्य की दगा?

कृष्णाकाठ (चर्चाप्रस्ताव)

येनान हे नाव आपल्याकडे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे माहीत आहे. सोलापूरचे हे डॉक्टर १९३९ मध्ये तिथे पोचले, तेव्हा येनान चिनी कम्युनिस्टांची राजधानी होती. मार्च १९४७ मध्ये कुओमिंतांगच्या (च्यांग कै-शेकचा सत्ताधारी पक्ष, कम्युनिस्टांचा शत्रू) जनरल हू त्सोंगनानने तिच्यावर चाल केली. १९ मार्चला त्याच्या फौजा आत शिरल्या तर शहर रिकामं. माओ नाही, चौ एन-लाय नाही, कचेऱ्यांत कागदाचा कपटा नाही. हल्ल्याची योजना हूच्या खासगी सेक्रेटरीनेच आधी पोचवली होती.

हा सेक्रेटरी म्हणजे श्योंग श्यांगहुई. छिंगह्वा विद्यापीठातला विद्यार्थी, १९३६ मध्ये गुपचूप कम्युनिस्ट पक्षात आलेला. पुढच्याच वर्षी पक्षाने त्याला हूच्या सैन्याबरोबर जाणाऱ्या तरुणांच्या पथकात घुसवलं. हूला पोरगा आवडला. त्याने त्याला लष्करी शिक्षण दिलं, जवळ ठेवून घेतलं, गोपनीय कागद त्याच्या हवाली केले, अमेरिकेत शिकायला पाठवायचंही ठरवलं. १९४७ च्या मार्चात श्योंग निघण्याच्या तयारीत असताना हूने त्याला परत बोलावलं, नानकिंगमध्ये (च्यांगची राजधानी) योजनेचे कागद हातात दिले आणि नकाशा काढायला सांगितलं. श्योंगने खोलीत बसून नकाशा काढला, सगळा तपशील डोक्यात साठवला आणि शीआनला पोचल्यावर पक्षाच्या माणसाला सांगून टाकला.

चीनमध्ये तो आज नायक आहे. माझं मत स्पष्ट आहे : हा दगा आहे, आणि निकाल कुणाच्या बाजूने लागला म्हणून त्याचं नाव बदलू नये. शत्रूला रणांगणावर फसवणं मी समजू शकतो. पण ज्याने दहा वर्षं हात धरून वर आणलं, त्याच्याच घरात राहून त्याचा गळा कापायचा, याला शौर्य म्हणायला माझी जीभ धजत नाही.

दस्तऐवज

हूने हात धरला खरा, पण त्या हाताने काय चाललं होतं तेही लिहा ना. जपानी फौजा देशात असताना हूचं मोठं सैन्य येनानची नाकेबंदी करत बसलं होतं. १९४३ मध्ये कॉमिन्टर्न (मॉस्कोची आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटना) बरखास्त झाल्यावर च्यांग कै-शेकने येनानवर हल्ल्याची तयारी करवली. ती बातमीसुद्धा श्योंगनेच बाहेर काढली. कम्युनिस्टांनी जुलैमध्ये तारा पाठवून, जाहीर सभा घेऊन बोभाटा केला आणि हूला बेत गुंडाळावा लागला. श्योंग गप्प राहिला असता तर जपान्यांशी लढण्याऐवजी चिनी सैनिक चिनी सैनिकांवर तुटून पडले असते. तुमच्या तराजूत एका जनरलचा विश्वास जड आणि हजारो शिपायांचे जीव हलके, हे मला पटत नाही.

आणि उपकाराचं म्हणाल, तर तो हूकडे नोकरी मागायला गेला नव्हता. त्याची निष्ठा आधीच ठरलेली होती. १९४९ च्या नोव्हेंबरात चौ एन-लायने कुओमिंतांगमधून आलेल्या काही बड्या मंडळींना जेवायला बोलावलं होतं. तिथे श्योंगला बघून जनरल चांग चिचोंगने विचारलं, तूही बाजू बदललीस का? चौने सांगितलं, हा बाजू बदलून आलेला नाही, आपल्या तुकडीत परत आला आहे.

बखरवाला

बहिर्जी नाईकांचं नाव घेतलं की आपली छाती फुगते. सुरतेची खडानखडा माहिती काढून आणणारा माणूस तिथे खरं नाव सांगून फिरला असेल का? वेष बदलणं, खोटं बोलणं हे हेराचं कामच. आपला हेर तो चतुर आणि दुसऱ्याचा तो विश्वासघातकी, हा न्याय एकदा सोडून द्या.

कृष्णाकाठ

@बखरवाला, फकिराच्या वेषात बाजारात हिंडणाऱ्याला कुणी मुलासारखं वागवत नसतं. माझा आक्षेप खोटं बोलण्यावर नाहीच. एका माणसाची माया हत्यार म्हणून वापरण्यावर आहे.

@दस्तऐवज, १९४३ बद्दल तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण चौच्या त्या जेवणाची हकिगत आपल्याला कळते ती श्योंगच्याच आठवणींतून. जिंकलेल्या बाजूचा माणूस म्हातारपणी स्वतःबद्दल लिहितो, ते मी जरा हात राखूनच वाचतो.

उत्तररात्र

माया हत्यार म्हणून वापरली म्हणता, तर मग फू तोंगच्यूचं काय करणार? ती फू त्सोयीची मुलगी. फू म्हणजे उत्तर चीनमधला कुओमिंतांगचा सेनापती. १९४८ च्या अखेरीस कम्युनिस्टांचा वेढा बीजिंगभोवती (तेव्हाचं नाव पेइपिंग) आवळत होता. ही मुलगी पक्षाची सदस्य, वार्ताहर म्हणून काम केलेली. पक्षाने तिला बापाजवळ राहायला सांगितलं. बापाची मनःस्थिती कशी आहे, कोण येऊन भेटतंय, लढायचं मनात आहे की तडजोडीचं, हे ती भूमिगत कार्यकर्त्यांना सांगत होती आणि दुसरीकडे बापाला शरण जाण्यासाठी मनवत होती.

आता आजूबाजूला बघा. त्याच वर्षी ईशान्येकडच्या चांगचुन शहराला पाच महिने वेढा पडला आणि सामान्य माणसं हजारोंनी भुकेने मेली. वेढा घालणारे कम्युनिस्टच होते, हेही लिहिते. १५ जानेवारी १९४९ ला बीजिंगजवळचं तिआनजिन मोठ्या लढाईनंतर पडलं. आणि बीजिंग? करार झाला, ३१ जानेवारीला कम्युनिस्ट फौज शांतपणे आत आली. वीस लाखांच्या आसपास लोकांचं शहर, शेकडो वर्षांची देवळं, राजवाडे वाचले. फू पुढे बरीच वर्षं मंत्री होता.

मी मुलगी म्हणून विचार करते तेव्हा पोटात कालवतं. वडील समोर बसून मनातलं बोलतायत आणि मी ते ऐकून दुसऱ्या खोलीत कुणाला तरी सांगतेय, हे मला जमलं नसतं. तरी ती चुकली असं माझ्याने म्हणवत नाही. तिने बापाला मारायला मदत केली नाही, वाचवायला केली.

पाणवठा

शहर एकट्या मुलीने वाचवलं हे जरा जास्त होतंय. तिआनजिन गेल्यावर फूची कोंडी झालीच होती. चिनी हेरांच्या गोष्टी वाचल्या की वाटतं सगळं युद्ध या चारपाच माणसांनीच जिंकलं. ऑगस्ट १९४८ मध्ये च्यांगच्या सरकारने नवं चलन आणलं, तेव्हा एका ‘सुवर्ण युआन’ला जुन्या चलनातले तीस लाख मोजावे लागत होते. काही महिन्यांत नवंही कवडीमोल झालं. शिपायाचा पगार, मास्तरचा पगार, सगळ्याची राख. अशा सरकारसाठी कोण मरणार? येनानचंच घ्या. शहर रिकामं सापडलं इथवर श्योंगचं काम. त्यानंतर मार्च ते मे या काळात कम्युनिस्ट सेनापती पेंग द-ह्वायने जेमतेम पंचवीस हजारांच्या फौजेनिशी हूच्या तुकड्या तीन ठिकाणी कापल्या, ते डोंगर माहीत असल्यामुळे आणि गावकरी त्याच्या बाजूने असल्यामुळे.

दस्तऐवज

@पाणवठा, महागाईने सरकार पोखरलं हे शंभर टक्के खरं. पण क्वो रुक्वेई हा च्यांगच्या संरक्षण मंत्रालयात मोहिमांच्या विभागाचा प्रमुख होता आणि तोही कम्युनिस्टांचाच माणूस होता. लढाईचा आराखडा जिथे बनतो तिथेच गळती. कुओमिंतांगचा सेनापती तू युमिंगला त्याचा संशय आला होता. एक कारण असं सांगतात की एवढ्या हुद्द्यावरचा माणूस पैसा खात नव्हता, घरी साधा राहत होता! सचोटीवरून माणूस कम्युनिस्ट असावा असा संशय येतो, यातच त्या राजवटीचं सगळं आलं.

निशिगंध

मला कृष्णाकाठ यांची बाजू घ्यायची आहे, वेगळ्या कारणाने. हेरांच्या या जगात रक्त कुणाचं सांडलं ते बघा. एप्रिल १९३१ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या गुप्तचर यंत्रणेतला मोठा माणूस गू शुनचांग वुहानमध्ये पकडला गेला आणि फुटला. त्याची तार नानकिंगला आली ती छ्यान च्वांगफेईच्या हातात. तो कुओमिंतांगच्या गुप्तचर प्रमुखाचा सेक्रेटरी आणि आतून कम्युनिस्ट. त्याने जावयाला रातोरात शांघायला पाठवलं, चौ एन-लाय आणि बाकीचे निसटले. इथवरची गोष्ट सगळे रंगवून सांगतात. त्यापुढे चौच्या हुकमाने गूची बायको आणि घरातली माणसं मारून शांघायमध्ये पुरली, तिकडे कुणी फिरकत नाही. त्या बाईने कुठली तार फोडली होती?

उत्तररात्र

@निशिगंध, तो खूनच होता. त्याला दुसरं नाव नाही. पण तो श्योंगच्या किंवा तोंगच्यूच्या माथी कसा मारता? आणि क्रौर्य मोजायचंच तर दुसरं पारडंही भरा. १० जून १९५० ला तैपेईत (कुओमिंतांग सरकार तेव्हा तैवानला पळून गेलं होतं) जनरल वू श आणि चू फेंग या कम्युनिस्ट हेरांना गोळ्या घातल्या. तैवानमधल्या कम्युनिस्ट पक्षाचा प्रमुख त्साय श्याओछ्यान फुटला म्हणून ते सापडले. त्यानंतरच्या धरपकडीत हेर नसलेली कितीतरी माणसं गेली.

कृष्णाकाठ

भरली दोन्ही पारडी. आता हेही घ्या. पान हान-न्यान हा पक्षाचा नामांकित गुप्तचर. १९५५ मध्ये त्याच्याच पक्षाने त्याला अटक केली. १९७७ मध्ये तो मेला तेव्हाही कलंक तसाच होता. निर्दोष ठरवलं १९८२ मध्ये. @दस्तऐवज यांच्या क्वो रुक्वेईने १९४९ मध्ये यीबिनला अख्खी फौज पक्षाच्या हवाली केली, त्याला सदस्यत्व परत मिळालं १९८० मध्ये. ज्यांनी दुसऱ्याला फसवलं त्यांच्यावर स्वतःच्या माणसांनीही विश्वास ठेवला नाही. जी चळवळ दग्याला सद्गुण मानते, तिला प्रत्येक माणसात दगाबाज दिसायला लागतो.

दस्तऐवज

पानला माओच्या पक्षाने सडवलं. तो पक्षाचा गुन्हा आहे, पानचा नाही. आणि तुमचा नियम सगळ्यांना लागूही पडत नाही. श्योंग पुढे मेक्सिकोत राजदूत झाला. हूच्याच गोटात काम केलेला त्याचा साथीदार शन च्यान १९५० मध्ये दिल्लीच्या चिनी वकिलातीत आला आणि १९८० मध्ये राजदूत म्हणून पुन्हा दिल्लीतच आला. या दोघांवर पक्षाने देशाचं तोंड म्हणून भरवसा टाकला. तेव्हा दगा म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्याआधी १९४३ चं उत्तर द्या : कळल्यावर श्योंगने गप्प बसायला हवं होतं का?

कृष्णाकाठ

१९४३ मध्ये नाही. तेव्हा सांगायलाच हवं होतं, आणि सांगून हूला सोडून निघून जायला हवं होतं. पुढची चार वर्षं तो त्याच्या शेजारी बसून राहिला, माझा झगडा त्या चार वर्षांशी आहे.