एका बंधाऱ्याला फिश लॅडर बांधल्याने माशांची वाट मोकळी होते का?

प्रश्न
एकाच नदीवर ओळीने पाच बंधारे आहेत. त्यांतील सर्वांत उंच बंधाऱ्याला फिश लॅडर (माशांना बंधारा चढून जाता यावा म्हणून केलेली पायऱ्यापायऱ्यांची पाणवाट) बांधली, तर स्थलांतर करणाऱ्या माशांचा प्रश्न सुटला असे मानता येईल का? की बंधारे काढणे हाच खरा उपाय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
एकेका बंधाऱ्याचा सुटा विचार करून चालत नाही. प्रत्येक ठिकाणी आलेल्या माशांपैकी ८० टक्के मासे वर चढतात असे उदारपणे धरले, तरी पाचव्या बंधाऱ्यापलीकडे शंभरातले जेमतेम ३३ पोहोचतात. शिवाय समुद्राकडचा पहिलाच अडथळा बंद असेल, तर वर केलेला खर्च समुद्रातून येणाऱ्या माशाच्या दृष्टीने वायाच जातो. म्हणून बंधाऱ्याच्या उंचीपेक्षा त्याची जागा आणि त्याच्यावर मोकळी होणारी नदीची लांबी आधी पाहावी. अंडी घालण्यासाठी गंगेतून पार अलाहाबादच्या पुढे जाणारा हिल्सा मासा १९७५ मध्ये पश्चिम बंगालमधील फराक्का बराज (गंगेवरचा मोठा बंधारा) सुरू झाल्यानंतर वरच्या भागात दुर्मीळ झाला, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

उत्तर २
वरील मुद्दा मान्य आहे, परंतु लॅडर कोणासाठी बांधायची हेही ठरवावे लागते. पुष्कळशा जुन्या लॅडर साल्मनसारख्या ताकदवान, उडी घेणाऱ्या माशासाठी आखलेल्या आहेत. ईल या सापासारख्या लांबट माशाच्या पिल्लांना त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यांच्यासाठी उतारावर ब्रशासारखे दाट केस बसवून वरून पाण्याची पातळ धार सोडतात आणि ती बोटभर पिल्ले केसांचा आधार घेत, वळवळत वर सरकतात. गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीची मादी अंडी घेऊन खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरते आणि पिल्ले पुन्हा नदीत चढतात, तिचा विचार तर क्वचितच होतो.

लॅडरचे तोंड कुठे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. मासा प्रवाहाचा माग काढत येतो. सांडव्याचा लोंढा एका काठाला आणि लॅडरची बारीक धार दुसऱ्या काठाला असेल, तर तो लोंढ्यापाशीच घुटमळत राहतो. परतीच्या वाटेवर टर्बाइन असेल, तर जाळ्या आणि वेगळी बगलवाट हवीच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बंधारा काढला, तर मागे साठलेल्या गाळाचे काय होते?

उत्तर ३
गाळ खाली येतोच, त्यामुळे तो दूषित आहे का याची तपासणी आधी करावी. अमेरिकेतील एल्व्हा नदीवरची दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने उतरवली, त्यांपैकी वरचे सुमारे ६४ मीटर उंच होते. मध्यंतरी पाणी अतिशय गढूळ झाले, पण त्याच गाळाने नदीच्या मुखाशी वाळूचे नवे किनारे तयार झाले आणि साल्मन धरणांच्या जागेपलीकडे जाऊन अंडी घालू लागले.

जिथे सिंचन बंधाऱ्यावरच अवलंबून आहे तिथे तो काढा म्हणणे व्यवहार्य नाही. तिथे बंधाऱ्याला वळसा घालणारा, मंद उताराचा, दगडगोट्यांचा ओढा खोदणे मला लॅडरपेक्षा बरे वाटते, कारण त्यातून दुबळे पोहणारे मासेही जाऊ शकतात. आणि रस्त्यांखालच्या मोऱ्या विसरू नका. पाइपाचे तोंड ओढ्याच्या पाण्यापासून हातभर वर लोंबत असेल, तर लहान माशांपुरते तेही धरणच असते, आणि ते दुरुस्त करणे बहुधा सर्वांत स्वस्त पडते.